कोरडं फडकं

खोटं वाटलं तर इथंच थांबा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

सत्तावीस वर्षं लोकांना सांगतोय. निम्मे हसतात, निम्मे विचारतात, "किती घेतली होतीस?" मी सुपारीसुद्धा खात नाही. माझी भाची श्रद्धा इंटरनेटवरचं हे अनुभवांचं पान वाचत असते. तिला माझी गोष्ट अर्धीच माहीत आहे. ती म्हणाली, "मामा, तुझी पण टाक की." महिनाभर टाळत होतो. आज का लिहायला घेतलं ते शेवटी सांगतो.

तारीख १६ ऑगस्ट १९९७. शनिवार, श्रावण शुद्ध त्रयोदशी. वेळ रात्रीची नाही. दुपारी तीन ते संध्याकाळी सात, म्हणजे चांगला दिवस होता. जागा पाटण आणि तारळे यांच्या मधलं पठार. नेमका फाटा सांगणार नाही. तिथं आजही माणसं राहतात, उगाच कुणी मोबाईल घेऊन शोधत फिरायला नको.

मी मधू. सांगलीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हाही होतं.

आम्ही तिघं होतो. सुमंत आमचा म्होरक्या. चाळिशीचा, सरकारी कचेरीत कारकून, शिट्टी गळ्यात आणि नकाशा खिशात. जिनपाल माझ्याच वयाचा, तिशीतला. जैन घर, हळदीचा व्यापार, अंगानं काडी. आणि मी. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सुमंतनं सायकल टूर काढली. सांगली, कडेगाव, कऱ्हाड, पाटण, पठारावरून तारळे आणि तिसऱ्या दिवशी सातारा. हँडलला कागदी झेंडे लावले होते. तासाभरात त्यांचा लगदा झाला.

मला कायम शेवटी ठेवायचे. का, तर पंप माझ्याकडं, पाने माझ्याकडं. कुणाचं काही बिघडलं तर मागून मधू येणारच. मधूचं बिघडलं तर काय, हे कुणी विचारायचं नाही.

सुमंतचा एक नियम होता. हा नीट वाचा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

फाटा लागला की पुढच्यानं हिरवी डहाळी तोडायची. ज्या वाटेला गेलो त्या वाटेच्या तोंडाशी ठेवायची आणि वर एक दगड. मधल्यानं ती बघून पुढं जायचं. शेवटच्यानं उचलून बरोबर आणायची. मुक्कामाला डहाळ्या मोजल्या की समजतं, फाटा कुणी चुकलेलं नाही.

उचलणारा मी.

आता जिनपालचा नियम. चातुर्मासात त्यानं नेम घेतला होता. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही. हॉटेलातलं काही नाही, घरचं किंवा पाहुण्यांच्या घरचंच. आणि चतुर्दशीला कडक उपवास. रविवारी चतुर्दशी होती.

म्हणजे बघा. शनिवारी सूर्यास्त सात वाजून दोन मिनिटांनी. त्याच्या आत जेवला तर जेवला, नाहीतर थेट सोमवारी सकाळी. आणि मध्ये साताऱ्यापर्यंतचं सगळं अंतर सायकलवर. आदल्या वर्षी असाच उपाशीपोटी सायकलवरून पुलावर आडवा झाला होता. मागून ट्रक होता. वाचला.

निघताना त्याच्या आईनं, गुणमालाकाकूंनी, मला बाजूला घेतलं होतं. "नेम मोड म्हणून मी त्याला कधी सांगायची नाही मधू. पण वेळेला त्याच्या पोटात पडंल एवढं तू बघ बाबा."

मी म्हटलं, "काकू, काळजी सोडा."

हे माझे शब्द. अजून कानात आहेत.

शुक्रवारचा मुक्काम कडेगावला, जिनपालच्या आत्याकडं. शनिवारी सकाळी आत्यांनी आम्हाला जेवू घातलं आणि संध्याकाळसाठी जिनपालला डबा दिला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डबा पिशवीत, पिशवी त्याच्या कॅरिअरला.

सुर्लीच्या घाटात त्याच्या कॅरिअरची दांडी मोडली. मी तारेनं बांधून बघितली, राहिना. शेवटी पिशवी काढून माझ्या कॅरिअरला लावली. माझाच शहाणपणा.

हवेनं त्या दिवशी नुसता छळ मांडला होता. रेनकोट घातला की ऊन, काढला की पाऊस. कऱ्हाडात पहिलं पंक्चर. पाटणच्या पुढं दुसरं. पठाराचा चढ सायकल ढकलत चढलो, वर आलो तर धुकं. चार हातांपुढचं दिसत नव्हतं. आणि तिथं तिसरं पंक्चर, परत माझंच. दुसऱ्यांच्या सायकली सरळ करून पाठवणारा मी आणि काटे सगळे माझ्या चाकाला.

धुक्यातून जिनपालचा आवाज आला, "मधू, येतोयस न्हवं?"

"जा तू पुढं. थांबलास तर गारठशील."

"सुमंत तारळ्यात गेला असंल. मी उतरणीला एस.टी.ची शेड हाय तिथं थांबतो."

"जा की लेका, आलोच."

पावणेपाच वाजले होते. तेव्हाच पिशवी हातात दिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी चाकावर चिडलो होतो.

ओल्या ट्यूबला पॅच बसत नाही. सोल्यूशन वाळतच नाही. रेनकोटाखाली ट्यूब धरून, शर्टानं पुसून, फुंकर मारून दोनदा लावला. दोनदा निघाला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा सव्वापाच झाले होते. मनात हिशेब केला. शेड अर्ध्या-पाऊण तासावर. आरामात पोचतो.

पुढं पाच मिनिटांत फाटा आला.

सरळ डांबरी, डावीकडं कच्ची वाट. डावीकडच्या तोंडाशी एक सपाट दगड. त्याच्यावर जांभळीची हिरवी डहाळी... आणि डहाळीवर गोटा.

सुमंतची खूण. मला शंकासुद्धा आली नाही. उलट शिवी घातली, की चांगला रस्ता सोडून हा माणूस आम्हाला चिखलात का घालतो. डहाळी उचलली, आधीच्या तीन डहाळ्यांबरोबर कॅरिअरला खोचली आणि डावीकडं वळलो.

थोडं गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली.

बेडूक गप्प झाले होते.

दिवसभर डोकं उठवलं होतं त्यांनी. आता एकही नाही. वारा नाही. माझ्या चेनचा आवाज तेवढा.

आणि मग मागून...

कर्र. कर्र. कर्र.

वहाणांचा आवाज. कोरी कातडी वहाण घालून माणूस चालतो तसा.

मी म्हटलं असेल कुणी गुराखी. पायडल मारलं. आवाज तेवढ्याच अंतरावर. उतार लागला, सायकल सुटली... आवाज तेवढ्याच अंतरावर. त्याची चाल वाढली नव्हती. तीच सावकाश करकर, आणि मी उतारावर सायकलवर.

ब्रेक दाबले. आवाज थांबला.

"जिनपाल?"

काही नाही.

"कोण हाय? पुढं जायचं तर जा की."

काही नाही.

आणि तेव्हा एक साधी गोष्ट डोक्यात आली. मी चाकांचा माणूस आहे, पण सीटच्या कातड्याचंही काम करतो. भिजलेलं कातडं करकरत नाही. पचपच वाजतं. करकरतं ते वाळलेलं. सकाळपासून पाऊस, वाटेला घोटाभर पाणी... आणि मागच्याच्या वहाणा कोरड्या होत्या.

मागं वळून बघितलं नाही. जोरात निघालो.

वाट दहा-पंधरा मिनिटांत संपली. संपली म्हणजे संपलीच. पुढं गवत आणि गवताच्या पुढं काही नाही. कडा. खालून नुसतं धुकं वर येत होतं. आणखी दोन चाकं पुढं गेलो असतो तर मी खाली.

मला भीतीपेक्षा संताप आला, हे खरं सांगतो. सुमंतवर, चाकावर, त्या हवेवर. सायकल आडवी टाकली. घड्याळात पावणेसहा होऊन गेले होते. आलो तेवढं परत जायचं, तेही चढानं आणि चिखलातनं. रडू यायचं बाकी होतं. मोठ्यानं ओरडलो, एकटाच, त्या धुक्याकडं तोंड करून.

"सातच्या आत त्याच्या पोटात भाकरी गेली पाहिजे रं. उतरणीच्या शेडमध्ये उपाशी बसलाय माझा दोस्त. आता कसा पोचू मी? कुणीतरी पोचवा की त्याला."

धुकं तसंच वर येत राहिलं.

मग माझ्या अगदी पाठीमागं... हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळ...

कर्र.

आणि आवाज निघाला. माझ्यापासून लांब, आलो त्या वाटेनं परत. या वेळी सावकाश नाही. भरभर. लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

बेडूक पुन्हा ओरडायला लागले.

मी सायकल ढकलत फाट्यावर आलो तेव्हा सव्वासहा. सपाट दगडाजवळ एक बाई उभी होती. पाठीवर पानांचं इरलं, हातात विळा, पायाशी गवताचा भारा. पन्नाशीची असेल. तिनं आधी दगडाकडं बघितलं, मग माझ्या कॅरिअरकडं.

"कुठनं आलासा?"

"सांगलीहून. मावशी, तारळ्याचा रस्ता..."

"ती डहाळी तुमी उचललीसा?"

"आमच्या माणसानं वाटेची खूण म्हणून ठेवली होती."

"तुमच्या माणसानं न्हाई ठिवली. मी ठिवली, सकाळी. ती खूण न्हाई. ती सावली हाय."

मला एकेक मिनिट जड होतं. पण तिनं हँडल धरलं होतं.

"कुणाची सावली?"

"माझ्या दिराची. नाथाजीची." तिनं दगडाकडं मान केली. "भात्तर सालचा दुष्काळ. ह्यो रस्ता तवाच झाला. माझं मालक हितं पुढं खडी फोडत हुतं. चार दिसांनी घरात रेशनचं पीठ आलं. मी दोन भाकरी थापल्या, वर मीठ-मिरची. लसणीची पाकळी बी न्हवती घरात. नाथाजी घिऊन निघाला. त्यो बी दोन दिसांचा उपाशी. हितं उन्हात पडला. झाड न्हवतं एक. सांजच्याला गावला, तवा फडकं हातात तसंच. दुसऱ्याची भाकरी म्हणून गाठ सोडली न्हवती बघा त्यानं."

माझी नजर कॅरिअरला खोचलेल्या डहाळीकडं गेली.

"तवापासनं हितनं जानारा डहाळी ठिवतो. उन्हात पडला, त्याला सावली. वाळल्याली मी काढते, ताजी ठिवते. म्हंजे पडून ऱ्हातो त्यो."

मी ती जांभळीची डहाळी ओढून काढली, दगडावर ठेवली, वर गोटा ठेवला.

"झालं?" मी म्हटलं. माझा सूर चांगला नव्हता. ते आजही टोचतं.

"ठिवलीसा, बरं झालं. पर आता त्यो हितं न्हाई."

मी सायकलवर टांग टाकली. तिनं हँडल सोडलं नाही. माझ्याकडं न बघता, उतरणीच्या रस्त्याकडं बघत तिनं विचारलं,

"तुमच्यात कुनी उपाशी हाय का?"

मी कॅरिअरवरच्या पिशवीकडं बघितलं.

"आहे. म्हणून तर जीव काढतोय."

तिनं हँडल सोडलं. "मग बिगीनं जावा. त्याला म्हनावं, गाठ सोडू नगं."

त्या उतारावर मी कसा गेलो ते माझं मला माहीत. ब्रेकचे रबर संपलेले. एका वळणावर चेन पडली. बसवली. दोनशे पावलांवर परत पडली. फ्री-व्हील चिखलानं भरलं होतं. बोटं सोलली, रक्त आलं, तरी चेन दातावर बसेना. पाना फेकून दिला आणि परत जाऊन शोधून आणला. सात वाजायला दहा. सात वाजायला पाच. ढगांच्या मागं उजेड होता अजून, पिवळट. मग तोही जायला लागला.

शेड दिसली तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं.

जिनपाल कट्ट्यावर बसला होता. चांगला खुशीत. बाटलीतल्या गाळलेल्या पाण्यानं त्याचा हात धुऊन झाला होता आणि तो चष्मा पुसत होता.

"कुठं गेलतास परत?" तो म्हणाला. "जेवण होस्तवर थांबलास आणि न बोलता निघालास?"

मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. "जिनपाल, मी आत्ता येतोय."

"चेष्टा करू नकोस गड्या. पावणेसातला आलास की. डोक्यावरनं ते काय पांघरलंवतंस. फडकं माझ्या मांडीवर ठेवलंस. मी म्हटलं, हा चिडलाय, चिडला की बोलत नाही."

"मी चिडल्यावर गप्प बसतो? कधी बघितलंस?"

तो हसायचा थांबला.

"तू पण खा म्हटलं, तर नको म्हणून मान हलवलीस. तिकडं तोंड करून उभा राहिलास. माझं झाल्यावर... निघालास. वहाण करकरत होती तुझी."

मी पायाकडं बघितलं. त्यानंही बघितलं. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते.

मी कॅरिअरवरची पिशवी सोडली. डबा काढला, झाकण उघडलं. चार दशम्या, चटणी. सकाळी आत्यांनी घातलं तसंच.

"मग तू काय खाल्लंस?"

त्याचं तोंड उतरलं. त्यानं कट्ट्यावरचं फडकं पुढं केलं. जुन्या लुगड्याचा तुकडा. "दोन भाकरी," तो हळूच म्हणाला. "लाल, जरा रवाळ. मीठ-मिरची. लसूण नव्हता, म्हणून मला वाटलं डब्याबरोबर आत्यानंच बांधून दिल्यात."

मी फडकं हातात घेतलं. आम्ही दोघं नखशिखांत भिजलेलो. शेड गळत होती, कट्ट्यावर पाणी. ते फडकं कोरडं होतं. उन्हात वाळत घातलेलं आत्ता काढून आणावं तसं, आणि गरम.

तारळ्यात एका मास्तरांकडं मुक्काम होता. तिथं सुमंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या फाट्यावर मी डहाळीच ठेवली नाही. कच्च्या वाटेला कोण वळतंय?" त्यानं ठेवलेल्या तीन, माझ्या कॅरिअरला तीन. चौथी मी दगडावर परत ठेवून आलो होतो.

फडक्याच्या कोपऱ्यात भाकरीचा एक तुकडा राहिला होता. सुमंतनं तो दिव्याखाली धरला, बोटांत चुरगळला.

"हा मिलो आहे," तो म्हणाला. "दुष्काळात रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी, परदेशातनं आलेली. आम्ही खाल्ल्यात याच्या भाकरी. पंचवीस वर्षांत बघितला नाही मी हा कुठं."

मग जिनपाल बोलला.

"मधू, भूक लागली रे."

रात्रभर तो जागा होता. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. साताऱ्यापर्यंत सायकल चालवली त्यानं, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण नेम मोडला नाही. रात्रीच्या एस.टी.नं सांगलीला परतलो, सोमवारी सकाळी घरी त्यानं अकरा दशम्या खाल्ल्या. मी समोर होतो. बारावीला हात घातला आणि काकूंकडं बघून म्हणाला, "आई, पोटात काहीच गेलं नाही गं."

ते फडकं गुणमालाकाकूंनी धुवायला घेतलं. पाणी ओघळून गेलं, फडकं कोरडंच. काकूंनी जास्त विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कुणाचं का असेना, ज्यातनं आलं ते रिकामं परत करायचं नाही." त्यात दोन दशम्या बांधल्या आणि माझ्याकडं दिलं. पुढच्या रविवारी एस.टी.नं जाऊन मी ते त्या सपाट दगडावर ठेवून आलो. ती मावशी भेटली. बनुबाई तिचं नाव. फडक्याचा काठ बघून म्हणाली, "माझ्याच लुगड्याचा हाय." मग विचारलं, "गाठ सोडली व्हय त्यांनी?"

मी होय म्हणून मान डोलावली.

"आता नाथाजी न्हाई उपाशी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि भारा उचलून गेली.

जिनपालची भूक सव्वीस वर्षं राहिली.

मिरजेला दाखवलं, पुण्याला दाखवलं. तपासण्या सगळ्या ठीक. खायचा चौघांचं आणि वाळत जायचा. चातुर्मासापुरता नेम होता, तो त्यानं जन्माचा केला. मी भांडलो त्याच्याशी. "अरे खा की रात्रीचं, कोण बघतंय?" तो म्हणायचा, "दिवसा खाऊन तरी कुठं भरतंय मधू? नेम तरी राहू दे." संध्याकाळी सूर्य बुडाला की माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, पोट दाबून. मी पंक्चर काढत असायचो. काकूंना शब्द मी दिलेला. डबा माझ्या कॅरिअरला. डहाळी मी उचलली. 'कुणीतरी पोचवा' मीच म्हटलं. आणि भूक त्याला. हा कुठला न्याय, हे मी कुणाला विचारू? त्यालाही एकदा विचारलं. म्हणाला, "त्यानं स्वतः उपाशी राहून मला वाढलं रे. त्याला कसं नावं ठेवू?"

गेल्या दिवाळीत जिनपाल गेला. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. माझा हात धरून म्हणाला, "मधू... पोट भरल्यासारखं वाटतंय." तोंडावर समाधान होतं. मी बाहेर येऊन रडलो. म्हटलं, सुटला. संपलं एकदाचं.

आता आजचं सांगतो.

आज श्रावण शुद्ध त्रयोदशी. सकाळपासून सांगलीत पाऊस आहे. पाच वाजता दुकानाच्या दारात लावलेली माझी सायकल आत घ्यायला गेलो.

हँडलला एक फडकं अडकवलं होतं. गाठ मारलेलं.

सायकल भिजलेली, सीटवरनं पाणी गळतंय... आणि फडकं कोरडं.

रिकामं नाही. वरून हात लावून बघितला. आत दोन भाकरी आहेत, गरम. काकूंनी रिकामं पाठवलं नव्हतं, नाथाजीनंही रिकामं पाठवलेलं नाही.

गाठ मी सोडली नाही. सोडणारही नाही. उद्या पहाटेच्या गाडीनं जाऊन त्या दगडावर ठेवून येईन, वर डहाळी घालीन. गुडघे गेलेत माझे, पण जाईन. तोवर कुणी हात लावू नये म्हणून इथं टेबलावर समोर ठेवून बसलोय आणि वेळ जावा म्हणून हे लिहितोय. एकच प्रश्न डोकं खातोय. जिनपाल उपाशी होता म्हणून त्याच्याकडं आलं. मी तर दुपारी पोटभर जेवलोय. मग माझ्या दारात कुणासाठी?

एवढं लिहून झालं आणि फडकं टेबलावर ठेवून, मोबाईल हातात तसाच, सुई-दोऱ्याचा डबा आणायला मागच्या खोलीत आलोय. म्हटलं, गाठीवर चार टाके घालून ठेवावेत.

साडेसहा वाजलेत. आत्ता पुढच्या दारातनं श्रद्धाचा आवाज आला. बँकेतनं परस्पर इकडंच आलेली दिसते, रोजच्यासारखी.

"मामा, सकाळपासून पोटात काही नाही रे. हे कुणी दिलंय? गरम आहे अजून."